एमआरआय-सीटीचं कॉन्ट्रास्ट शरीराबाहेर पडतं, मग पुढे कुठे जातं?

कुतूहल (धागाकर्ती)

एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियम या धातूचं कॉन्ट्रास्ट (म्हणजे प्रतिमेत गाठी, रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) देतात, सीटीच्या वेळी आयोडीनचं. नंतर रुग्णाला एकच सूचना मिळते: भरपूर पाणी प्या, लघवीवाटे निघून जाईल. आणि ते खरंच निघून जातं. किडन्या धड असतील तर दर दीड-दोन तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, २४ तासांत ९० टक्क्यांहून जास्त औषध बाहेर पडलेलं असतं. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

ही औषधं शरीरात कशाशीही फारशी प्रक्रिया करत नाहीत, जशी आत जातात तशीच बाहेर येतात. तोच त्यांचा गुण, म्हणून तर ती सुरक्षित. पण जो रेणू यकृताला दाद देत नाही तो सांडपाणी केंद्रातल्या जिवाणूंना तरी कशाला दाद देईल? १९९६ साली मिखाएल बाउ आणि पेटर डुल्स्की या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की ऱ्हाइन आणि बर्लिनजवळच्या नद्यांमध्ये गॅडोलिनियम अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. गॅडोलिनियम ज्या रेअर अर्थ कुळातलं, त्या कुळातली सगळी मूलद्रव्यं निसर्गात ठरावीक प्रमाणात एकत्र सापडतात. त्यांचा आलेख काढला की एक सलग रेषा मिळते. या नद्यांच्या आलेखात मात्र नेमका गॅडोलिनियमपाशी सुळका होता, शेजारची मूलद्रव्यं जागच्या जागी. त्याचं मूळ एमआरआयमध्ये निघालं. २०१९ मध्ये सहा जर्मन शहरांच्या नळाच्या पाण्यात आणि त्या पाण्यापासून बनवलेल्या शीतपेयांतही ते सापडलं.

तर हे अडवायचं कुठे? रुग्णालयात, सांडपाणी केंद्रात, की औषधाचा डोसच कमी करून? माझा कौल रुग्णालयाला आहे. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी जरूर लिहा.

शब्दवेडा

विषय उत्तम. फक्त एक विनंती: हे वाचून कुणी डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन टाळू नये. कॉन्ट्रास्टशिवाय काही गाठी दिसतच नाहीत.

अनघा_र

शब्दवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी सीटी आणि एमआरआय दोन्हीकडे टेक्निशियन म्हणून काम केलंय, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करते.

एमआरआयला नेहमीचा डोस किलोमागे ०.१ मिलिमोल. सत्तर किलोच्या माणसाला हिशोबाने साधारण १.१ ग्रॅम गॅडोलिनियम जातं. सीटीचं प्रकरण वेगळं. तिथे १०० मिलिच्या आसपास औषध आणि त्यात मिलिलिटरमागे ३०० ते ३७० मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे एका रुग्णामागे ३० ग्रॅमच्या वर आयोडीन. धाग्यात गॅडोलिनियमवर भर आहे, पण वजनात बघितलं तर आयोडीन कितीतरी पुढे आहे.

दुसरं, सगळं लघवीतूनच जातं असं नाही. इंजेक्टरला दोन सिरिंज असतात, एकीत कॉन्ट्रास्ट, दुसरीत सलाइन. कॉन्ट्रास्ट कोमट करून घ्यावं लागतं, नाहीतर काकवीसारखं जड वाहतं. रुग्ण बारीक अंगाचा असला की बाटलीत २०-३० मिली उरतं. एकाच रुग्णासाठी असलेली बाटली दुसऱ्याला वापरता येत नाही, मग ते उरलेलं जातं कुठे? मी जिथे सुरुवातीला काम करायचे तिथे सर्रास बेसिनमध्ये ओतलं जायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. ते वेगळ्या डब्यात जमा करायला काहीच कष्ट नाहीत. काही उत्पादक असं उरलेलं औषध परत घेऊन त्यातलं आयोडीन काढतात.

२०२२ मध्ये शांघायच्या टाळेबंदीमुळे तिथला मोठा कारखाना थंडावला आणि जगभर आयोडीन कॉन्ट्रास्टचा तुटवडा झाला. तेव्हा वजनाप्रमाणे डोस मोजून देणं, गरज नसेल तिथे साधा सीटी करणं, अनेक रुग्णांसाठीच्या मोठ्या बाटल्या नियमाने वाटून वापरणं हे सगळं अनेक ठिकाणी झटक्यात सुरू झालं. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं.

गाळवाला

सांडपाणी केंद्राच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे मुख्य काम करतात ते एरेशन टाकीतले जिवाणू. खालून हवेचे बुडबुडे, वर तपकिरी फेस, आणि मध्ये गाळाचे कण घोळत असतात. चमचाभर पाणी परीक्षानळीत घेऊन अर्धा तास ठेवलं तर गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी दिसतं. ही सगळी व्यवस्था बांधली आहे विष्ठा, अन्नाचे अंश, नायट्रोजन, फॉस्फरस यांच्यासाठी. जिवाणूंनी खायचं किंवा गाळाला चिकटून खाली बसायचं, एवढेच दोन मार्ग आमच्याकडे.

कॉन्ट्रास्टचे रेणू यातलं काहीच करत नाहीत. पाण्यात पूर्ण विरघळतात, गाळाला चिकटत नाहीत, जिवाणूंना त्यांच्यापासून काही मिळत नाही. त्या नितळ पाण्याबरोबर ते सरळ नदीत.

पुढच्या टप्प्याची यंत्रणा बसवली तर? ओझोनने काही आयोडीन कॉन्ट्रास्ट अंशतः तुटतात, पण डायाट्रायझोएट हे जुनं औषध ओझोनलाही पुरून उरतं. ॲक्टिव्हेटेड कार्बनवरही ते नीट बसत नाही. आरओ गॅडोलिनियम आणि आयोडीन दोन्हींच्या कॉन्ट्रास्टला अडवतो, पण आरओचं नाकारलेलं पाणी उरतंच, ते कुठे नेऊन टाकणार? शिवाय अख्ख्या शहराचं सांडपाणी आरओमधून काढायचं तर विजेचा खर्च डोळे पांढरे करणारा आहे.

म्हणून कुतूहल यांच्या बाजूने माझं मत. जे औषध रुग्णालयात लिटर-दोन लिटर लघवीत असतं, ते आमच्यापर्यंत येताना कोट्यवधी लिटरमध्ये मिसळलेलं असतं. तिथे ते शोधणंच अवघड, काढणं लांबची गोष्ट.

धूमकेतू

थोडा विरोधी सूर लावतो. नदीत हे किती असतं? लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये. एक ग्रॅम गॅडोलिनियम लिटरमागे १० नॅनोग्रॅम या प्रमाणात पसरायला १० कोटी लिटर पाणी लागेल. इतक्या विरळ प्रमाणात पाण्यातून पोटात गेल्याने माणसाला अपाय झाल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट जगात आजही कितीतरी मैलापाणी काहीही प्रक्रिया न होता नद्यांत जातं. त्यातून कॉलरा, टायफॉइड, कावीळ पसरते, प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू पसरतात. पैसा आणि लक्ष मर्यादित असताना आधी मैला की आधी गॅडोलिनियम? सुळका दिसतो कारण आपली यंत्रं फार संवेदनशील झालीत. यंत्राला दिसणं वेगळं आणि अपाय होणं वेगळं.

मंदार_रसायन

धूमकेतू, शेवटचं वाक्य मान्य. पण 'नॅनोग्रॅम म्हणजे काहीच नाही' हा निष्कर्ष मान्य नाही. कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं उन्हाळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम राहील इतकंच सोडलं होतं. नर माशांत मादीची लक्षणं आली आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तिथली संख्या जवळजवळ संपली. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संप्रेरक आणि कॉन्ट्रास्ट एकाच मापाने मोजता येणार नाहीत हे उघड आहे, संप्रेरक शरीराला हुकूम देण्यासाठीच बनलेलं असतं. माझा मुद्दा एवढाच, की मात्रेचा आकडा पदार्थाचं नाव घेतल्याशिवाय वाचू नये.

मला स्वतःला गॅडोलिनियमपेक्षा आयोडीनवाल्यांची काळजी जास्त वाटते. मूळ रेणू जवळपास निरुपद्रवी आहे. पण नदीचं पाणी पिण्यासाठी घेऊन त्यात क्लोरीन घातलं की काही कॉन्ट्रास्टमधलं, विशेषतः आयोपॅमिडॉलमधलं, आयोडीन सुटतं आणि पाण्यातल्या सेंद्रिय अंशांशी जुळून नवी संयुगं बनतात. २०११ मध्ये यावर महत्त्वाचं काम प्रसिद्ध झालं. त्यातलं आयोडोॲसेटिक ॲसिड प्रयोगशाळेत पेशींच्या डीएनएला इजा करणाऱ्या, पाणी निर्जंतुक करताना बनणाऱ्या उपपदार्थांत फार वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे रुग्णालयात निर्धोक, नदीत निर्धोक, आणि जलशुद्धीकरणात गेल्यावर वेगळंच रूप.

तिरशिंगे

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपली तसंच म्हणायचं हे?

मंदार_रसायन

तिरशिंगे, नाही. गिधाडांना ते औषध दिलेल्या जनावरांच्या कलेवरातून मोठ्या मात्रेत मिळत होतं, पाण्यातून नाही. पण एक साम्य आहे: औषध ज्याला दिलं त्याच्यासाठी तपासलेलं होतं, त्याच्यानंतर येणाऱ्यासाठी नाही.

नीलमोहोर

एक अनुभव सांगते, कदाचित उपयोगी पडेल. थायरॉइडच्या कर्करोगानंतर मला किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला होता. वेगळी खोली, भेटायला कुणी नाही, आणि संडास फक्त माझ्यापुरता. पलीकडे नळी कुठे जाते हे मी नर्सला विचारलं. त्यांनी सांगितलं की या खोल्यांचं पाणी थेट गटारात जात नाही, तळघरातल्या बंद टाक्यांत साठवतात, एक भरली की तिला कुलूप लावून दुसरी उघडतात. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचा. ८० दिवस थांबलं की हजारातला एखादा अंश उरतो, मग सोडतात.

म्हणजे रुग्णाची लघवी वेगळी साठवणारी रुग्णालयं आजही आहेत. किरणोत्सार म्हटला की नियम आपोआप येतो. कॉन्ट्रास्ट किरणोत्सारी नाही म्हणून त्याला कुणी विचारत नाही, पण नळाचं काम करणाऱ्याला दोन्ही सारखंच.

गाळवाला

नीलमोहोर, फार महत्त्वाची माहिती दिलीत. फरक एवढाच की आयोडीन-१३१ थांबलं की संपतं, गॅडोलिनियम कितीही थांबा, तेवढंच राहतं. टाकी भरल्यावर पुढे काय हे ठरवावं लागेल. पण टाकीभर लघवीतून धातू काढणं आणि शहराच्या सांडपाण्यातून काढणं यांची तुलनाच होऊ शकत नाही.

शब्दवेडा

इतक्या प्रतिसादांत लघवीची चर्चा सुरू आहे आणि कुणीही नाक मुरडलेलं नाही. धाग्याची प्रकृती उत्तम आहे!

हेमांगी

जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये यावर साधा उपाय करून पाहिलाय. स्कॅन झाल्यावर रुग्णाला घरी न्यायला काही पिशव्या देतात. आत शोषक भुकटी असते, त्यामुळे लघवीचा जेल होतो, सांडत नाही. पिशवी बंद करून जाळण्याच्या कचऱ्यात टाकायची. पहिल्या काही वेळा पिशवी वापरायची, नंतर नेहमीसारखं. तिकडच्या बऱ्याच रुग्णांनी आनंदाने साथ दिली.

मी घरी आजारी वडिलांचं सगळं केलेलं आहे, म्हणून एक सांगते. वयस्क माणसाला, हात थरथरत असेल, कुणाची मदत लागत असेल, तर पिशवीत लघवी करणं सोपं नाही. त्यातून स्त्रियांना आणखी अवघड. त्यामुळे हे ऐच्छिकच हवं, आणि समजावून सांगणारं माणूस हवं. नुसती पिशवी हातात कोंबून चालणार नाही.

धूमकेतू

आणि जिथे कचरा जाळला जात नाही तिथे? पिशवी कचरा डेपोत गेली तर पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून पुन्हा तेच. पिशवीचं प्लॅस्टिक वरून.

हेमांगी

बरोबर, तिथे पिशवीचा उपयोग नाही. तिथे रुग्णालयातला वेगळा संडास हेच बरं.

पाणचक्की

थोडं अवांतर, पण सांडपाण्याचा विषय निघालाच आहे तर. आपण सांडपाण्याकडे घाण म्हणून बघतो, पण ते अख्ख्या वस्तीचा एकत्र लघवी-तपास आहे. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये पोलिओचा विषाणू सांडपाण्यात सापडला, तेव्हा एकालाही लकवा झालेला नव्हता. तेवढ्यावरून मुलांना तोंडावाटे लस पुन्हा द्यायला घेतली. २०२० च्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये कोविडचा माग असाच लागला. आता बऱ्याच ठिकाणी फ्लूवरही अशीच नजर ठेवतात.

आणि गंमत म्हणजे गॅडोलिनियमचा तो सुळकाही उपयोगी पडतो! भूजलात तो दिसला की समजायचं, गटाराचं पाणी इथवर झिरपलंय. निसर्गात तसा सुळका येत नाही, त्यामुळे खूण अगदी नेमकी.

धूमकेतू

हे आवडलं. प्रदूषणाचा शोध घेणारं प्रदूषण.

रानजाई

मला वैयक्तिक प्रश्न आहे. एमएसमुळे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) माझे दरवर्षी एमआरआय होतात. गॅडोलिनियम मेंदूत साठतं असं वाचलं आणि झोप उडाली. खरं आहे का?

अनघा_र

रानजाई, आधी शांत व्हा. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूतले काही भाग साध्या एमआरआयवरही उजळ दिसतात. म्हणजे थोडं गॅडोलिनियम राहतं हे खरं. त्या साठ्यामुळे मेंदूला इजा होते असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

मोकळं गॅडोलिनियम विषारी असतं, कारण त्याचा आयन कॅल्शियमच्या आकाराचा आणि तो कॅल्शियमच्या वाटा अडवतो. म्हणून ते एका सेंद्रिय रेणूत बांधून देतात. ही बांधणी दोन प्रकारची: लिनियर म्हणजे उघडी साखळी, आणि मॅक्रोसायक्लिक म्हणजे बंद पिंजरा. साखळीतून धातू सुटण्याची शक्यता जास्त. किडन्या निकामी असलेल्या काही रुग्णांची त्वचा दगडासारखी कडक होण्याचा जो भयंकर आजार होता, त्याचा गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये लक्षात आला, आणि त्यात मुख्यतः लिनियर औषधं होती. २०१७ मध्ये युरोपने शिरेतून द्यायची बहुतेक लिनियर औषधं थांबवली, यकृताच्या तपासणीसाठी काही ठेवली.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: माझं औषध मॅक्रोसायक्लिक आहे ना, आणि या वेळी कॉन्ट्रास्ट लागणारच आहे का. एमएसमध्ये प्रत्येक फॉलो-अपला ते लागतंच असं नाही. विचारण्यात संकोच नको.

रानजाई

मनापासून आभार. हे आजवर कुणी इतकं सुटं करून सांगितलं नव्हतं.

डॉ_सुहास

रेडिओलॉजिस्ट आहे. अनघा यांनी नेमकं लिहिलंय. डोसच्या पर्यायाबद्दल भर घालतो. गॅडोपिक्लेनॉल हे नवं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. त्याचा परिणाम तीव्र असल्याने निम्मा डोस पुरतो, किलोमागे ०.१ मिलिमोलऐवजी ०.०५. तेवढ्यानेच नदीत जाणारा धातू निम्म्यावर येईल. सीटीत फोटॉन-काउंटिंग, म्हणजे क्ष-किरणांचे कण एकेक करून मोजणारी, यंत्रं २०२१ पासून आली आहेत, त्यांत कमी आयोडीनवरही प्रतिमा चांगली येते.

एआयचं मला जपून बोलावंसं वाटतं. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एक दशांश डोस देऊन पूर्ण डोससारखी मेंदूची प्रतिमा तयार करून दाखवली. प्रतिमा देखण्या असतात. पण तीन-चार मिलिमीटरचा मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाची गाठ) शोधताना मला हे हवं असतं की उजळ ठिपका रुग्णात आहे, संगणकाच्या अंदाजात नाही. ठिपका पुसला गेला तर नुकसान एका माणसाचं, आणि ते नॅनोग्रॅममध्ये मोजता येत नाही. मोठ्या चाचण्या होईपर्यंत मी हे रोजच्या कामात वापरणार नाही.

मंदार_रसायन

डॉक्टर, पटलं. आणखी एक कारण धातू वाचवण्याचं: एप्रिल २०२५ मध्ये चीनने ज्या सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं त्यांत गॅडोलिनियम आहे. जो धातू मिळवायला इतकी ओढाताण, तो आपण फ्लश करतोय.

पाणचक्की

पैसे कुणी द्यायचे हेही बोला ना. युरोपचा नवा सांडपाणी कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. मोठ्या केंद्रांनी २०४५ पर्यंत टप्प्याटप्प्याने चौथ्या टप्प्याची प्रक्रिया (औषधांसारखे सूक्ष्म अंश काढणारी) बसवायची आणि तिचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलायचा. उद्योगांनी याला न्यायालयात आव्हान दिलंय.

गाळवाला

त्यातली मेख सांगतो. प्रक्रिया नीट चालते की नाही हे बघायला कायद्यात बारा पदार्थांची यादी आहे, आणि त्यांतून ठरवलेले पदार्थ सरासरी ८० टक्के निघाले पाहिजेत. यादीत डायक्लोफिनॅक आहे, फिट्सवरचं कार्बामाझेपीन आहे, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. कॉन्ट्रास्टचं एकही औषध नाही. ओझोन आणि कार्बनने जे निघतं त्यावर यादी बेतलेली आहे. त्यामुळे इतका पैसा ओतूनही गॅडोलिनियमचा सुळका जिथल्या तिथे राहील. केंद्राच्या दाराशी या प्रश्नाला उत्तर नाही, हे मी पुन्हा सांगतो.

कुतूहल

सगळ्यांचे आभार. धूमकेतू यांचा मैला आधी हा मुद्दा मला मान्य आहे, पण रुग्णालयातला उपाय त्या पैशांत वाटेकरी होत नाही, म्हणून दोन्ही एकदम होऊ शकतात असं मला वाटतं.

अनघा, एक विचारते. स्कॅननंतर रुग्णाला रिॲक्शन येते का बघायला अर्धा तास बसवून ठेवताच. तोच वेळ वाढवून तासाचा केला, तर किती औषध रुग्णालयातच निघेल?

अनघा_र

दीड तासाच्या अर्धायुष्याने हिशोब केला तर तासाभरात एक तृतीयांशाहून थोडं जास्त, सहा तासांत ९० टक्क्यांच्या वर. सहा तास कुणाला बसवता येणार नाही, पण भरती असलेले रुग्ण तर तिथेच असतात, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. कॅथेटर असलेल्यांची लघवी आधीच पिशवीत जमा होते, ती फक्त वेगळ्या डब्यात रिकामी करायची. बाहेरच्या रुग्णांसाठी एक तास, पाणी, आणि निघण्याआधी एकदा वेगळ्या संडासात जाऊन येणं.

आमच्याकडे पुढच्या महिन्यात विभागाची बैठक आहे. बेसिनमध्ये ओतणं बंद करण्याचा आणि भरती रुग्णांच्या पिशव्यांचा, असे दोन मुद्दे मी लेखी देतेय. गाळवाला, साठवलेल्या लघवीचं पुढे काय करायचं यावर मला अर्ध्या पानाचं टिपण द्याल का? पहिला प्रश्न तोच येणार आहे.

गाळवाला

रविवारपर्यंत देतो. रोज अंदाजे किती रुग्ण आणि किती लिटर जमेल तेवढं व्यक्तिगत निरोपाने कळवा.